कुलपातले पैकीच्या पैकी गुण

आमच्या घरी नवा पाहुणा आला की आमचे गुरुजी, म्हणजे माझे यजमान, माझी ओळख एकाच वाक्यात उरकतात. "ही सरकारी दवाखान्यांतले संडास तपासायची." चहाच्या कपाकडे निघालेला पाहुण्याचा हात तिथंच थबकतो. मी आतून ओरडते, "आणि प्रसूतिगृहं, आणि औषधं, आणि लसींचे फ्रीज, तेही सांगा की!" पण तोवर उशीर झालेला असतो.

नोकरीची सुरुवात मी उपकेंद्रातली नर्स म्हणून केली. गावोगाव लसी टोचल्या, बाळंतपणं केली. त्यावर इथं लिहीत नाही, कारण ते ऐकवायला प्रत्येक निवृत्त नर्स टपलेलीच असते. मला सांगायचंय ते शेवटच्या काही वर्षांतलं काम. जिल्ह्याच्या गुणवत्ता पथकात माझी नेमणूक झाली. बुलढाणा जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत जायचं आणि तिथं मिळणारी सेवा किती चांगली आहे ते मोजायचं.

"चांगलं" मोजायचं कसं? त्यासाठी आमच्याकडे चेकलिस्ट असते. चांगली जाडजूड. प्रत्येक मुद्द्याला दोन, एक किंवा शून्य. गोष्ट पूर्ण असेल तर दोन, अर्धवट असेल तर एक, नसेल तर शून्य. खात्री करायची ती डोळ्यांनी पाहून, कागद तपासून, कर्मचाऱ्यांना विचारून आणि रुग्णांशी बोलून. साधं हात धुण्याचं घ्या. बेसिनवर हात धुण्याच्या पद्धतीचं चित्र लावलंय का? सिस्टरला ती पद्धत येते का? आणि नळाला पाणी आहे का? बहुतेक ठिकाणी चित्र फार सुंदर असायचं.

आम्ही येणार हे आधी कळवलेलं असे, त्यामुळे दवाखान्यात लग्नघर असल्यासारखी धांदल उडालेली असायची. दारात रांगोळी, टेबलावर गुलाबाची फुलं, खाटांवर नुकत्याच घड्या मोडलेल्या नव्या चादरी. त्या चादरींवर रुग्णांना झोपायची चोरी. बिचारे कडेला अंग चोरून बसलेले. एका दौऱ्यात सकाळी एका केंद्राच्या दारात मला कुंडीतलं क्रोटनचं झाड दिसलं. एका अंगाला वाकलेलं, कुंडीचा काठ फुटलेला. मी कौतुकही केलं. दुपारी पुढच्या केंद्रात गेले तर तिथंही एका अंगाला वाकलेलं क्रोटन, काठ फुटलेली कुंडी. संध्याकाळी तिसऱ्या केंद्रात ते पुन्हा भेटलं तेव्हा मी त्याला विचारलं, "प्रवासाचा त्रास नाही ना झाला?" तिथले डॉक्टर छताकडे पाहू लागले.

पुढे वरून आदेश आला. पाहुण्यासारखं वर्षातून एकदा होणारं मूल्यांकन पुरे झालं. प्रत्येक केंद्रानं स्वतःचं मूल्यांकन स्वतःच, नेहमीच्या कामाचा भाग म्हणून, सतत करायचं आणि दर महिन्याला गुण जिल्ह्याला पाठवायचे. ही सवय लावायला काही केंद्रं माझ्या वाट्याला आली. त्यातलं एक मेहकर तालुक्यात, हिवरा आश्रमच्या पुढं आत गेल्यावर आहे. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथून दिवाळीला येणारा चकल्यांचा डबा बंद होईल.

पहिल्यांदा निघाले त्या दिवशी कार्यालयाची गाडी बिघडली. मग एसटीनं मेहकर आणि तिथून काळीपिवळी. येतेय हे मी कळवलं नव्हतं. रस्ता सगळा खड्ड्यांचा आणि प्रवास लांबचा. उतरले तेव्हा मला चेकलिस्टपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची घाई झाली होती. ओपीडीच्या बाकड्यावर एक म्हातारी बाई पाय वर घेऊन बसली होती. बीपीच्या गोळ्या न्यायला आलेली. तिचं नाव गोदाबाई, हे नंतर कळलं.

"मावशी, इथं संडास कुठं आहे?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हाये ना. थो काय, निळ्या दाराचा."

मी गेले. निळ्या दाराला मुठीएवढं कुलूप. परत आले. "मावशी, कुलूप आहे की."

"हाव. कुलूप तं राह्यतेच. थो सायबाइसाठी हाये."

"कोणत्या साहेबांसाठी?"

"बुलढान्याहून तपासाले येतात ना, त्याइच्यासाठी. थे आले का उघडतात." मग जवळ सरकून हळूच म्हणाली, "लय घाई हाये का वं बाई?"

बुलढाण्याहून तपासायला आलेली साहेब मीच होते. पण त्या क्षणी स्वतःचं पद सांगत बसण्याची माझी अवस्था नव्हती. गोदाबाईनं माझा हात धरला आणि रस्त्यापलीकडं तिच्या भाचीच्या घरी नेलं. त्या भल्या बाईनं काहीही न विचारता पाण्याची बादली पुढं केली. तिला सवय होती. दवाखान्यातल्या सगळ्या बाया तिच्याकडेच यायच्या.

परत येताना रस्ता ओलांडायला आम्ही थांबलो, तेव्हा गोदाबाई बोलू लागली. "आमची सून इथंच बाळंत झाल्ती. सकाळी पोरगं झालं, दुपारी तिले मी असाच हात धरून पलीकडं नेऊन राह्यलो होतो. मधात आलो अन् तिले गरगरलं. मह्या खांद्यावरच पडली. तिकून ट्रॅक्टर! ड्रायवरनं बिरेक मारला म्हून वाचलो दोघी. दुसऱ्या खेपेले तिले चिखलीले नेलं."

आमच्याकडे बाया बोलतानाही "मी जातो, मी येतो" म्हणतात. पुण्यामुंबईच्या लोकांना गंमत वाटते. मला त्या वेळी कशाचीच गंमत वाटत नव्हती. मी विचारलं, "मग इथल्या सिस्टर चांगल्या नाहीत का?"

"सिस्टर? लय जीव लावते पोरगी. पन मानसानं जावं कुठं?"

मी आत जाऊन ओळख सांगितली आणि एकच पळापळ झाली. केंद्राचे वैद्यकीय अधिकारी डॉ. निरंजन, शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा करायला पुण्याहून आलेले. पोरसवदा, सज्जन, शर्टाची इस्त्री कधी न मोडणारे. ते धावत आले. नर्स ज्योती, कंत्राटी, उंच आणि सडपातळ, हातमोजे काढत आली. आणि औषधनिर्माते इंगळेभाऊ औषधांच्या खिडकीतूनच माझ्याकडे असे पाहू लागले, की जणू मी मुहूर्ताआधी आलेली वरात.

निळ्या दाराची किल्ली इंगळेभाऊंच्या खणात होती. कुलूप निघालं. आत पाहिलं तर फरशी लख्ख, भांडं पांढरंशुभ्र, कोपऱ्यात अत्तरासारखी फिनाईलची बाटली. मागच्या पथकानं इथं दोन गुण दिले होते. शेरा होता, 'स्वच्छ, कोरडे व दुर्गंधीरहित.' त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. कोरडं तर होतंच.

"कुलूप कशाला, इंगळेभाऊ?"

"मॅडम, साफ राहावं म्हून." त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "वापरलं का घान होते ना!"

डॉक्टर मध्ये पडले. "मॅडम, आपण आधी कळवलं असतं तर..."

"तर काय केलं असतं?"

"कुलूप काढून ठेवलं असतं," ते प्रामाणिकपणे म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं आणि त्यांचे कान लाल झाले. त्या लाल कानांवरून मला कळलं, की या माणसाबरोबर काम करता येईल.

आम्ही ठरवलं ते असं. दर शनिवारी ओपीडी संपल्यावर सगळ्यांनी एकत्र बसायचं. एका वेळी एकच खोली तपासायची. ज्याची खोली, त्यानं ती तपासायची नाही. आणि बाकड्यावरच्या एका तरी रुग्णाशी बोलायचं. कुलूप त्याच दिवशी काढून मी माझ्या पिशवीत टाकलं. इंगळेभाऊंनी त्या पिशवीकडे लेक सासरी निघाल्यासारखं पाहिलं.

पहिल्या शनिवारी मी मुद्दाम हजर राहिले. रुग्णाशी बोलायचं काम डॉक्टरांकडे आलं. समोर नेमकी गोदाबाई. डॉक्टर वाकून अदबीनं म्हणाले, "आजी, आपल्याला इथल्या सेवेबद्दल काही अभिप्राय द्यायचा आहे का?"

गोदाबाईनं कमरेची पिशवी घट्ट धरली आणि मला विचारलं, "हा पोरगा काय मांगून राह्यला वं?"

डॉक्टरांना मी बाजूला घेतलं. अभिप्राय मागितला की लोकांना वाटतं सही मागताहेत. साधं विचारा, इथं काय बरं वाटत नाही. त्यांनी तसं विचारलं. गोदाबाई म्हणाली, "सारं बरं हाये." पुन्हा विचारलं. "सारंच बरं हाये, डॉक्टरसायेब." मला रस्त्यावर जे सांगितलं त्यातला एक शब्दही नाही. डॉक्टर समाधानानं दोन गुण लिहायला निघाले, तेव्हा मी म्हटलं, "आता असं विचारा, नातीला बाळंतपणाला इथं आणाल का?"

त्यांनी विचारलं. गोदाबाईनं कमरेच्या पिशवीचा बंद पुन्हा आवळला. मग खाली मान घालून म्हणाली, "सायेब, राग नोको मानू. नाई आननार."

डॉक्टर तिच्या शेजारी बाकड्यावर बसले. सून, रस्ता, ट्रॅक्टर, सगळं त्यांनी ऐकून घेतलं. इस्त्रीचा शर्ट भिंतीच्या चुन्यानं पांढरा झाला, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही. गुणवत्ता म्हणजे काय, यावर मी त्यांना पुढं कधीच काही शिकवलं नाही. गरज उरली नव्हती.

ज्योतीच्या वाट्याला औषधांची खोली आली. इंगळेभाऊंची खोली म्हणजे देवघरच. तिनं बाटल्या काढल्या, तारखा पाहिल्या. जुना साठा मागं राहिला होता आणि नवा पुढून वापरला जात होता. नियम उलटा असतो, जुनं आधी संपवायचं. तिनं शांतपणे शून्य लिहिलं.

"सिस्टर," इंगळेभाऊ म्हणाले, "तुमचा जनम झाला नव्हता तवापासून मी औषधं वाटून राह्यलो."

"म्हूनच म्हन्तो भाऊ, काही बाटल्या तवाच्याच असतील," ज्योती म्हणाली.

मी हसू दाबलं, पण डॉक्टरांना ते जमलं नाही. त्या दिवसापासून इंगळेभाऊंनी ज्योतीशी बोलणं सोडलं. ती समोर उभी असली तरी डॉक्टरांना सांगायचे, "सर, सिस्टरले सांगा, कापूस आला." ज्योती म्हणायची, "सर, भाऊले सांगा, मले दिसला." डॉक्टर पुण्याहून एवढं शिकून आले आणि इथं निरोप्याचं काम करू लागले. 'बे' ही हाक आणि 'काऊन' म्हणजे 'का', हे ते या निरोपांतूनच शिकले असावेत.

आता निळ्या दाराचं काय झालं ते. कुलूप निघाल्यावर आठवड्यातच इंगळेभाऊंचं भाकीत खरं ठरलं. बाया जाऊ लागल्या, पोरं जाऊ लागली, ओपीडीतले पुरुषही जाऊ लागले. टाकी गळकी, नळ कोरडा, बादली कुणीतरी नेलेली. मी त्यानंतर गेले तेव्हा रुमाल नाकाला लावूनच आत डोकावले. प्रसूतिगृह आणि संडास तपासायची पाळी इंगळेभाऊंची होती. त्यांनी केवढ्या आनंदानं शून्य लिहिलं म्हणून सांगू! वर मला म्हणाले, "म्हन्लं होतं का नाई, मॅडम?"

"म्हटलं होतं," मी म्हणाले. "पण हे शून्य तुमच्या हातचं आहे, भाऊ. आता ते हलवायचंही तुम्हीच."

माणसाच्या मानाला नेमका कुठं धक्का लावायचा, एवढं एक कसब नर्सच्या नोकरीत मला साधलं होतं. इंगळेभाऊ दोन दिवस फुगून राहिले आणि मग कामाला लागले. सरपंचाच्या आईच्या सांधेदुखीच्या गोळ्या द्यायला ते स्वतः घरी जाऊ लागले आणि जाता जाता पाण्याचा विषय काढू लागले. सरपंचाला शेवटी गोळ्यांपेक्षा पाणी देणं सोपं वाटलं. नवी टाकी बसली. नळ आला. बादली साखळीनं बांधली गेली. सकाळ-संध्याकाळ सफाई होते की नाही हे इंगळेभाऊ जातीनं पाहू लागले. एवढं सगळं होईपर्यंत पावसाळा सरला आणि गावात सोयाबीनची सोंगणी सुरू झाली.

मधल्या काळात दर महिन्याचे गुण जिल्ह्याला जात होते. खरे लिहिलेले. साहजिकच ते मागच्या पथकानं दिलेल्या गुणांच्या किती तरी खाली आले होते. इतर केंद्रांचे गुण मात्र दर महिन्याला चढत होते. काही केंद्रांत चारही शनिवारांचं मूल्यांकन महिनाअखेरीला एकाच दुपारी, एकाच पेनानं उरकलं जातं, हे मला ठाऊक होतं. पण तक्त्यावर पेन दिसत नाही. तक्त्यावर दिसतं ते एवढंच, की सगळे वर चाललेत आणि एकटे हे खाली.

ज्योतीचं कंत्राट त्याच सुमारास नव्यानं व्हायचं होतं. केंद्राची गुणवत्ता सांभाळायची जबाबदारी कागदोपत्री तिच्या नावावर होती. तिच्या फाइलवर शेरा आला, 'कामगिरीत घसरण, फेरविचार व्हावा.' आणि फाइल थांबली.

ती बुलढाण्याला माझ्या घरी आली. गुरुजींनी दार उघडलं. तिचा चेहरा पाहून त्यांनी नेहमीचं वाक्य गिळलं आणि स्वतः चहा ठेवायला गेले. ज्योती खुर्चीच्या टोकावर बसली.

"मॅडम, तुमी म्हन्लं खरं लिवा. मी लिवलं. आता मले घरी बसवतात का?"

शाळेत जाणारी तिची मुलगी त्याच गावात शिकत होती. नवरा जालन्याला कंपनीत. मी म्हटलं, "मी साहेबांशी बोलते." ती म्हणाली, "तुमी बोलसान. पन कागदाले ऐकू येते का?"

मी बोलले. वरिष्ठ साहेब वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "मॅडम, तुमचं पटतंय मला. पण वर काय सांगू? बाकीचे सगळे चढताहेत, हे एकच उतरतंय." मी म्हटलं, "साहेब, हे एकच खरं मोजतंय." त्यांनी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉ. निरंजन यांचा फोन. आवाज पडलेला. "मॅडम, या महिन्याचे गुण थोडे वाढवून पाठवले तर तिचं काम होऊन जाईल. सही माझी. जे होईल ते माझ्यावर."

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. एका पोरीच्या नोकरीपुढं दोन-चार आकडे ते काय! मी एवढंच म्हणाले, "सिस्टरला विचारा."

त्यांनी विचारलं. ती काय म्हणाली ते त्यांनीच मला सांगितलं. "नोको सर. मंग आपन शनवारी कायले बसतो?"

त्यानंतर बुलढाण्याला आढावा बैठक झाली. जिल्ह्यातले सगळे वैद्यकीय अधिकारी हजर. आमच्या डॉक्टरांबरोबर इंगळेभाऊही आले होते. औषधांचं मागणीपत्र द्यायचं निमित्त करून ते मागच्या रांगेत बसले. नेहमीच्या तपासणीला घालायचा ठेवणीतला सफारी अंगात. आमच्या केंद्राची पाळी आली आणि साहेबांनी तक्ता दाखवत विचारलं, "ही घसरण कशामुळे?" डॉक्टर उभे राहिले, पण त्यांच्या आधी मागून आवाज आला.

"साहेब, मी बोलू का?"

सगळ्या माना मागं वळल्या. मी मनात म्हटलं, संपलं. हा माणूस आता सिस्टरनं औषधांच्या खोलीत केलेला अपमान काढणार.

"साहेब, घसरण झालीच नाई," इंगळेभाऊ म्हणाले. "आमी आधी मोजतच नव्हतो. संडासाले कुलूप होतं तवा दोन गुन भेटले. उघडला, तवा शून्य भेटला. आता पानी आनलं, टाकी बसवली, तवा एक भेटला. थो एक मी सोता कमावला हाये साहेब. आधीचे दोन फुकटचे होते."

इंगळेभाऊंना थांबवणारं कुणी नसलं की ते थांबत नाहीत. "अन् सिस्टरनं मले शून्य देल्ला, औषधाच्या खोलीत. राग आला मले. अजून हाये. पन थो शून्य बराबर होता. तिच्या फाइलवर घसरण लिवता, तं मह्या फाइलवर काऊन नाई लिवत?" मग त्यांनी सभागृहावर नजर फिरवली. "अन् बाकीच्याइचे गुन चढून राह्यले म्हन्ता, तं इचारा त्याइले, कुंड्या कोनाच्या हायेत. आमच्याच गाडीनं गेल्त्या समद्याइकडं."

आधी कुणाची तरी खुर्ची करकरली. मग एक जण फिसकन हसला. मग सगळं सभागृह. ज्यांच्याकडे त्या कुंड्या जाऊन आल्या होत्या ते सर्वांत मोठ्यानं हसत होते. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मी येतो पाहायला."

ते येणार त्या दिवशी मी आधीच जाऊन पोचले. इंगळेभाऊ दारात रांगोळीचं पाकीट घेऊन उभे. ज्योती आतून आली आणि थेट त्यांना म्हणाली, "भाऊ, ठेवा थे."

"सवय हाये वं," इंगळेभाऊ म्हणाले आणि पाकीट खिशात घातलं. इतक्या महिन्यांनी दोघं एकमेकांशी बोलले. डॉक्टरांची निरोप्याच्या कामातून सुटका झाली.

साहेब आले, फिरले, विचारपूस केली. मग निळ्या दाराशी गेले. दार आतून बंद. बाहेर एक सासू हातात टॉवेल घेऊन उभी. तिनं साहेबांना सांगितलं, "थांबा दादा, सून हाये आत. सकाळीच मोकळी झाली." बरोबर आलेला कारकून तिला काही सांगायला पुढं झाला, साहेबांनी त्याला हातानं थांबवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले. आम्ही सगळे मागं रांगेत, लग्नातल्या फोटोसारखे. दार उघडलं. कोवळी पोर भिंत धरत बाहेर आली, सासूनं तिला सावरलं आणि दोघी चार पावलांवरच्या खाटेकडे गेल्या. मध्ये रस्ता नव्हता, ट्रॅक्टर नव्हता. साहेब त्यांच्याकडे पाहत राहिले. मग आत डोकावले. फरशी ओली, बादली साखळीत, नळाला पाणी, कोपऱ्यात थोडा चिखल.

"एक," साहेब म्हणाले.

"हाव साहेब," इंगळेभाऊ म्हणाले. "एकच."

ज्योतीचं कंत्राट नवं झालं. उशिरा, पण झालं. फाइलवरचा शेरा मात्र तसाच राहिला. तो काढून टाकावा म्हणून मी निवृत्त होईपर्यंत मागं लागले. प्रत्येक वेळी कळायचं, की लिहिलेलं काढायची तरतूद नाही, हवं तर शेजारी चांगलं लिहू. शेजारी पुढं बरंच चांगलं लिहिलं गेलं. पण तिनं एका चांगल्या जागेसाठी अर्ज केला तेव्हा समोरच्यानं आधी तो जुना शेराच वाचला. ती जागा तिला मिळाली नाही. ती हसून म्हणाली, "जाऊ द्या मॅडम, इथलं शनवारचं काम कोन करनार होतं?" तिनं हसून सोडलं. मला मात्र ते अजून हसण्यावारी नेता येत नाही.

डॉ. निरंजन यांची सेवा संपली आणि ते पुण्याला गेले. त्यांच्या आईचा मला एकदा फोन आला. म्हणाल्या, "आमचा मुलगा हल्ली मलाच 'काऊन' म्हणून विचारतो, याचा अर्थ काय?" मी म्हटलं, "अर्थ एवढाच, की त्याला प्रश्न विचारायची सवय लागलीय."

निवृत्तीनंतर एकदा त्या गावात नात्यातल्या एका नामकरणाला गेले होते. शनिवार होता. जेवणं झाल्यावर नणंदेला बीपीच्या गोळ्या हव्या होत्या, म्हणून दोघी दवाखान्यात गेलो. इंगळेभाऊ निवृत्त झाले होते; खिडकीत एक तरुण मुलगी गोळ्या देत होती. ज्योती आत बाळंतपणात अडकली होती, म्हणून मी हाक मारली नाही. बाकड्यावर बसले. इतक्यात एक नवीन नर्स माझ्या शेजारी येऊन टेकली. मला ओळखायचं तिला काही कारण नव्हतं.

"मावशी, एक इचारू का? इथं काय बरं वाटत नाई?"

आयुष्यभर हा प्रश्न मी लोकांना विचारला. आणि तो मला विचारल्यावर माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "सगळं छान आहे." कुणी शिकवल्यासारखं. समोरची पोर एवढ्या गोड चेहऱ्यानं विचारतेय, तिला उणं कशाला सांगायचं?

ती जागची हलली नाही. "थे तं सारेच म्हन्तात, मावशी. खरं सांगा. आमाले राग येत नाई."

मी आजूबाजूला पाहिलं. बाकड्याच्या टोकाला एक आजोबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. आम्ही आलो त्याच्या कितीतरी आधीपासून. "खिडकीतून नाव पुकारतात ना," मी म्हटलं, "ते या आजोबांना ऐकू येत नाही. मघाशी एक नाव दोनदा पुकारलं, कुणी उठलं नाही; ते यांचंच असणार. मागून आलेले लोक गोळ्या घेऊन गेले."

तिनं हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. माझ्याकडे पाहून तिनं मान हलवली आणि उठून खिडकीपाशी गेली. आजोबांच्या गोळ्या घेऊन आली, त्यांच्यासमोर उकिडवी बसली, कानाशी तोंड नेऊन सकाळची कोणती आणि संध्याकाळची कोणती ते सांगू लागली. आजोबांनी एक गोळी बोटात धरून विचारलं, "ही सकाळची?"

"हाव बाबा," ती म्हणाली, "ही सकाळची," आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.